वापरलेली टूरिंग बाइक घ्यावी का? नाशिक, बजेट दीड लाख

मखमलाबादकर
नमस्कार मंडळी. टूरिंगसाठी जुनी मोटरसायकल बघतोय. बजेट दीड लाख, त्यात कागदपत्रं आणि सुरुवातीचं काम आलं पाहिजे. वापर असा: आठवड्यात दोन-तीन दिवस मखमलाबाद ते अंबड एमआयडीसी, अधूनमधून सापुतारा, भंडारदरा, कोकण, आणि वर्षातून एक लांब फेरी, कच्छ किंवा स्पिती. मागे बायको आणि दोन साइड बॅगा. माझी उंची ५ फूट ६ इंच.

समोर तीन गाड्या आहेत. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११, २०२१, पहिला मालक, एमएच-१५, २८ हजार किमी, मागणी १ लाख ४५ हजार. बजाजची डॉमिनार ४००, २०१९, दुसरा मालक, एमएच-१४, १९ हजार किमी, मागणी १ लाख २० हजार. तिसरी केटीएमची ३९० ॲडव्हेंचर, २०२०, एमएच-१५, ३४ हजार किमी, मागणी पावणेदोन, "बसून बोलू" म्हणतात.

फक्त फोटो बघितलेत. काय बघायचं, कुठली घ्यायची, आणि मुळात घ्यायची का?

कोन_सेट
२०१९ ची डॉमिनार, दुसरा मालक, १९ हजार किमी. फोटोत पुढचा टायर आणि चेन किट नवं दिसतंय का ते बघा. मागचा टायर १९ हजारात बदललेला असू शकतो. पुढचा टायर, चेन-स्प्रॉकेट आणि डिस्क, तिन्ही बदललेलं असेल तर ते १९ हजार मीटरवरचे आहेत, गाडीचे नाहीत.

त्रिशंकू
"मुळात घ्यायची का" हा प्रश्न शेवटी टाकलात, तो पहिला हवा होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ३५० च्या वर मात्र ४० टक्के झाला, पूर्वी सेस धरून ३१ पडायचा. तुम्ही बघताय त्या तिन्ही ३५० च्या वरच्या. त्या वर्गात नवी गाडी महागली म्हणून जुन्यांचे मालक भाव धरून बसलेत, आणि इकडे मीटिओर ३५०, सीबी ३५० सारख्या नव्या गाड्या स्वस्त झाल्या. नवी दीड लाखात येत नाही, मान्य. पण जुनी १ लाख ४५ ला घेऊन तिच्यावर वीस-पंचवीस हजार घातले तर फरक किती उरतो ते मांडा, आणि त्या फरकात वॉरंटी, शून्य किलोमीटर आणि स्वच्छ कागद मिळतात हेही मांडा.

जोरात जायचं असेल तर गोष्ट वेगळी. पण समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, आणि कुंभाच्या कामांमुळे शहरातले रस्ते उकरलेले. ४० हॉर्सपॉवर पळवणार कुठे?

मालेगावकर
त्रिशंकू, चांदवडचा घाट दोन माणसं आणि भरलेल्या बॅगा घेऊन वीस हॉर्सपॉवरवर चढून बघा. चढते, प्रश्नच नाही. पण पुढे कांद्याचा ट्रॅक्टर, त्याच्या मागे ट्रेलर, अशा वेळी ओव्हरटेकला जो दम लागतो तो ३५० मध्ये तिसऱ्या गिअरला संपतो. रोज एकट्याने अंबडला जायचं असतं तर मीही ३५० च सांगितली असती. बायको, बॅगा आणि स्पिती म्हटल्यावर मोठं इंजिन चैन म्हणून नाही, घाटासाठी लागतं.

सातपूर_फिटर
कुठली घ्यायची ते नंतर. आधी बघायचं कसं ते सांगतो, कारण चांगल्या अवस्थेतली कमी आवडती गाडी ही मोडक्या आवडत्या गाडीपेक्षा केव्हाही बरी.

मालकाला आदल्या दिवशी फोनवर एवढंच सांगा: उद्या गाडी आम्ही येईपर्यंत चालू करू नका. पोहोचल्यावर पहिला हात इंजिनच्या केसिंगला. कोमट लागलं तर त्या दिवशी तपासणी नाही. गरम इंजिन पुष्कळ काही झाकतं. थंड स्टार्टला टायमिंग चेनचा खडखडाट दोन-तीन सेकंद येऊन तेल वर पोहोचलं की थांबला, तर चालतं. थांबत नसेल, किंवा गरम झाल्यावर ३,००० आरपीएमच्या आसपास परत येत असेल, तर चेन ताणून धरणारा टेन्शनर नाहीतर चेनच गेलीय. टॅपेटचा (व्हॉल्व्हच्या फटीचा) आवाज टिकटिक असा बारीक आणि एकसारखा असतो. हिमालयन ४११ मध्ये ते स्क्रूने सेट होतात, स्वस्त काम. २०१९ नंतरची डॉमिनार आणि ३९० या डबल ओव्हरहेड कॅमच्या, तिथे शिम, म्हणजे मोजून घातलेल्या पातळ चकत्या, बदलावे लागतात. वेळ आणि मजुरी दोन्ही जास्त, आणि मोजमाप न करता "ॲडजस्ट केलंय" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

धूर: पहिल्या मिनिटातला पांढरा धूर म्हणजे वाफ, नाशिकच्या थंडीत येणारच. निळसर धूर आणि जळक्या तेलाचा वास असेल तर तो कधी येतो ते बघा. उतारावर थ्रॉटल बंद ठेवून पुन्हा दिल्यावर येत असेल तर व्हॉल्व्ह सील, लोडखाली सतत येत असेल तर पिस्टन रिंग. पहिलं सोसवतं, दुसरं म्हणजे इंजिन उघडणं.

कूलंटवाल्या दोन्ही गाड्यांत वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं. तिथून कूलंटचे ओघळ दिसले तर पंपाचं सील गेलंय. ऑइल विंडोत तेल दुधाळ दिसलं तर कूलंट आत शिरलंय, विषय तिथेच संपवा. रेडिएटरच्या पात्यांमधून टॉर्च मारून बघा, चिखलाने बुजलेला रेडिएटर उन्हाळ्यात द्वारका चौकात दहा मिनिटं उभा राहिला की कळतो. गाडी आयडलला ठेवून पंखा स्वतः सुरू होतो आणि तापमान उतरल्यावर स्वतः बंद होतो, हे डोळ्यांनी बघायचं.

आता चेसिस. पुढचं चाक हवेत उचला, हिमालयनला मेन स्टँड असतो, दुसऱ्यांना पॅडॉक किंवा एक माणूस. हँडल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे अगदी हळू फिरवा. बरोबर मध्ये खाचेत अडकल्यासारखं झालं तर कोन सेट (हँडलच्या दांड्याचे बेअरिंग) गेला. मग फोर्कचे पाय खालून धरून पुढे-मागे ओढा; टकटक आली तर कोन सेट सैल किंवा फोर्कचे बुश झिजलेले. फोर्कच्या नळीवरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथे गंज किंवा ओरखडा आहे, आणि सील कितीही नवं टाका, तो ओरखडा त्याला पंधरवड्यात फाडतो. सील स्वस्त असतं, नळी नसते. डॉमिनारच्या उलट्या फोर्कमध्ये ही नळी खाली, चिखलाच्या तोंडाशी असते, म्हणून तिथे जास्त निरखून.

मागचं चाक दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे हलवा: खेळ आला तर स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश नाहीतर चाकाचं बेअरिंग. चेन मागच्या स्प्रॉकेटवर पाठीमागच्या बाजूने ओढून बघा, अर्धा दात उघडा पडला तर किट संपलं. दात एका बाजूला आकड्यासारखे वाकलेले असतील तर ओढायचीही गरज नाही.

मखमलाबादकर
बापरे. एवढं सगळं मालक करू देईल?

सातपूर_फिटर
नाही म्हणाला तर तीही माहितीच आहे.

पेठरोड
कागदांचं मी लिहितो, कारण तीन गाड्यांपैकी दोन इथेच अडकू शकतात.

आरसीवर आधी दोन तारखा बघा: उत्पादनाचा महिना-वर्ष आणि नोंदणीची तारीख. "२०१९ ची डॉमिनार" म्हणजे नक्की कुठली? ४० हॉर्सपॉवर, उलटा फोर्क आणि दुतोंडी सायलेन्सरचं मॉडेल एप्रिल २०१९ मध्ये आलं. त्याआधीची ३५ हॉर्सपॉवरची, साध्या टेलिस्कोपिक फोर्कची. २०१८ मध्ये बनून २०१९ च्या सुरुवातीला नोंदलेली गाडी पहिल्या पिढीचीच, तिला दुसऱ्या पिढीचा भाव द्यायचा नाही. हिमालयनचं उलट: बीएस-६ आणि बंद करता येणारं एबीएस जानेवारी २०२० पासून, ट्रिपर नेव्हिगेशनचं वर्तुळ फेब्रुवारी २०२१ पासून. २०२१ ची नोंदणी आहे पण डॅशबोर्डवर ट्रिपर नाही, तर गाडी २०२० मध्ये बनलेली असू शकते. आरसीवर कळेलच.

मग हायपोथिकेशन, म्हणजे कर्जाची नोंद. आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे नाहीत. "हप्ते संपलेत, फक्त नाव काढायचं राहिलंय" हे वाक्य पैसे दिल्यानंतर महिनोन्‌महिने ऐकावं लागतं. विकणाऱ्याच्या सह्या फॉर्म २९ च्या दोन प्रतींवर आणि फॉर्म ३० वर. कायद्याने राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. सरकारी शुल्क काही शेकड्यांत असतं. पेठ रोडला आरटीओबाहेरचा एजंट जे सांगतो त्यातला बराच भाग त्याच्या फेऱ्यांचा. आधार जोडलेला मोबाइल दोघांकडे असेल तर परिवहन पोर्टलवरून बरंचसं घरबसल्या होतं.

ट्रान्सफरला टाळाटाळ करणारा मालक म्हणेल, "तुम्ही चालवा हो, करू सावकाश." तोटा त्याचाच जास्त आहे, त्याला कळत नाही एवढंच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की अपघाताची भरपाई द्यायची वेळ आली तर आरसीवर ज्याचं नाव तो मालक धरला जातो. हे त्याला सांगितलंत की तो स्वतःच आरटीओच्या दारात उभा राहतो.

ई-चलन महाट्रॅफिकच्या साइटवर गाडी नंबर आणि चेसिसचे शेवटचे आकडे टाकून बघा, घाटातल्या आणि महामार्गावरच्या कॅमेऱ्यांची जुनी चलनं तिथेच दिसतात. सगळी भरून घ्या. एप्रिल २०१९ पूर्वीची नोंदणी असेल तर एचएसआरपी (सरकारी सुरक्षा) पाटी बसलीय का तेही. नसेल तर नाव बदलायचं काम अडतं.

त्रिशंकू
इन्शुरन्स राहिला. लोक इथेच फसतात. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी एकदम घ्यावा लागतो. म्हणून मालक छाती ठोकून सांगतो, "इन्शुरन्स चालू आहे." चालू असतो तो थर्ड पार्टी. स्वतःच्या नुकसानीचा भाग बहुतेकांचा पहिल्या वर्षानंतर संपलेला असतो. २०१९-२० च्या गाड्यांचे ते पाच वर्षंही संपलेत. ३५० सीसीच्या वर थर्ड पार्टीचा वार्षिक हप्ता जून २०२२ च्या दरपत्रकात २,८०४ रुपये आहे, वर कर. १५० ते ३५० सीसीला १,३६६. नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो विकणाऱ्याच्या नावाला चिकटलेला असतो. आणि गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत पॉलिसी स्वतःच्या नावावर करायला अर्ज करा, नाहीतर स्वतःच्या नुकसानीचा दावा फेटाळला जातो.

वैतरणा
उंचीबद्दल कोणी बोललंच नाही. ३९० ॲडव्हेंचरची सीट ८५५ मिमी, हिमालयनची ८००. ५ फूट ६ ला ८५५ वर एकटं असताना दोन्ही पंजे टेकतात. मागे बायको, दोन बॅगा, आणि त्र्यंबक रोडला उतारावर खडी, तेव्हा पंजे टेकणं आणि पाय टेकणं यातला फरक कळतो. गाडी खाली करायची किट मिळतात, पण मग साइड स्टँडही आखूड करावा लागतो, नाहीतर गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि एका धक्क्यात आडवी होते.

बायकोला बसवून बघा. शोरूमसारखं पाच मिनिटं नाही, निदान अर्धा तास. मागच्या सीटची रुंदी, फूटपेगची उंची आणि सायलेन्सरची उष्णता पायाला लागते का, हे तिलाच कळणार. आणि बॅगा लावलेल्या गाडीत सीट काढून सबफ्रेमचे वेल्ड बघा. साइड बॅगांमध्ये क्षमतेपेक्षा जास्त भरून खराब रस्त्यावर नेलेली गाडी तिथे तडकते. रंगाला केसासारखी बारीक रेघ, तिच्या कडेला गंजाचा पिवळा डाग, असं दिसलं की समजायचं.

सातपूर_फिटर
वैतरणाताईंच्या मुद्द्यात भर. सीट काढलीच आहे तर दोन गोष्टी आणखी बघून घ्या. एक वायरिंग. टूरिंग गाडीला फॉग लाइट, दोन हॉर्न, मोबाइल चार्जर, कधी गरम ग्रिप्स, सगळं जोडलेलं असतं. हेडलाइटच्या वायरला ब्लेडने सोलून टेप गुंडाळला असेल तर पुढच्या पावसाळ्यात शॉर्ट. रिले आणि बॅटरीजवळ स्वतंत्र फ्यूज असेल तर काम जाणत्याने केलंय. मल्टिमीटर न्या: बंद गाडीला बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू करून ३-४ हजार आरपीएमला १३.८ ते १४.५. त्याखाली असेल तर वीज बनवणारा स्टेटर किंवा ती नियंत्रित करणारा रेक्टिफायर, वर गेलं तर रेक्टिफायर नक्की. सगळे जादा दिवे लावून परत मोजा.

दुसरं, पुराचं पाणी. गोदेला पाणी आलं की दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत किती आलं ते शहर बघतं, पण सराफ बाजार आणि भांडी बाजारात पार्क केलेल्या गाड्यांचं पुढे काय होतं ते कोणी बघत नाही. धुवून, पॉलिश करून त्या विकल्या जातात. कनेक्टर उघडून आत हिरवट थर आहे का बघा, एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाला गाळाची रेघ, हेडलाइटच्या काचेत आतून चिखलाचे ठिपके. एअर फिल्टर नवाकोरा असला तरी डबा बोलतो.

कोन_सेट
मीटर फिरवलेलं ओळखायचं कसं, याचं माझं उत्तर: मीटर बघूच नका. गिअरचा लिव्हर, ब्रेक पेडलचा खरबरीतपणा, फूटपेगचं रबर, ग्रिप, आणि डिस्कची कड बघा. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, व्हर्नियर नेऊन मोजा. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, ३५२१ म्हणजे २०२१ चा ३५ वा आठवडा. २०२१ च्या गाडीवर मागचा टायर २०२४ चा असेल तर टायर कधी बदलला ते मालकाला विचारा आणि उत्तर मीटरशी जुळतं का बघा. अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडी नंबर दिला की मालकासमोर सर्व्हिसचा इतिहास निघतो. त्यात प्रत्येक वेळचे किलोमीटर असतात. मधली दोन वर्षं गायब असतील तर "बाहेर केली सर्व्हिस" हे उत्तर येणार, बिलं मागा.

मखमलाबादकर
डॉमिनारवाल्याला विचारलं. सर्व्हिस बुक हरवलंय म्हणे, आणि टायर, चेन किट नवं टाकून दिलंय "तुमच्या फायद्यासाठी". कोन_सेट, तुमच्या पहिल्या प्रतिसादातलं निम्मं खरं ठरलं.

आता ३९० बद्दल. ताकद, इलेक्ट्रॉनिक्स भारी आहे म्हणतात. पावणेदोन जास्त आहेत, पण दीडला दिली तर?

मालेगावकर
तिन्हींत चालवायला ती सगळ्यात मजेशीर. पण तिची मजा ज्या गोष्टींत आहे त्याच महाग पडतात. क्विकशिफ्टर (क्लचशिवाय गिअर बदलायची सोय), रंगीत स्क्रीन, कॉर्नरिंग एबीएस, हे सगळं ३४ हजार किमीनंतर सेन्सर मागतं. अलॉय चाकं ट्यूबलेस आहेत, पंक्चरला सोयीची, पण खड्ड्यात रिम वाकली तर स्पोकसारखी ठोकून सरळ होत नाही. पेठ नाक्यापासून गुजरात सीमेपर्यंत पावसाळ्यात काय अवस्था असते ते तुम्हाला माहीत आहे. चाक हवेत फिरवून रिमच्या कडेला पेन धरून बघा, पेनपासून अंतर कमी-जास्त होतंय का.

हिमालयनचं २१ इंची पुढचं चाक खड्डे गिळतं. त्याच्या बदल्यात वेग सोडावा लागतो. २४ हॉर्सपॉवर, साधारण १९९ किलो वजन; दोघांसह महामार्गावर ९० ते १०० च्या मध्ये आरामात, त्यापुढे ओढाताण आणि फूटपेगमध्ये थरथर. टॉर्क ४,००० ते ४,५०० आरपीएमलाच असतो म्हणून घाटात गिअर कमी बदलावे लागतात. १५ लिटरची टाकी, लिटरला २८-३० धरलं तर चारशे किमी. ट्यूबचे टायर मात्र आहेत, पंक्चर काढायला चाक उतरवावं लागतं. लांबच्या फेरीला दोन्ही ट्यूब, टायर लिव्हर आणि पंप सोबत हवेत, आणि घरी एकदा चाक काढून परत बसवायचा सराव हवा.

सातपूर_फिटर
मालेगावकरांशी सहमत, एक भर. हिमालयनची २८ हजारवाली गाडी घ्यायची तर दुरुस्तीचा हिशोब आधी, भाव नंतर. चेन किट साधारण २०-२५ हजार किमी टिकतं, म्हणजे २८ हजारांवर एक तर नुकतं बदललेलं हवं किंवा खर्च तुमच्या माथी. साधारण धरू: चेन किट ४ हजार, ९०/९०-२१ आणि १२०/९०-१७ अशी टायरची जोडी ट्यूबसकट ७ हजार, कोन सेट मजुरीसह २ हजार, बॅटरी ३ हजार, आणि फोर्क ऑइल-सील, ब्रेक फ्लुइड, १५-डब्ल्यू-५० इंजिन ऑइल, फिल्टर धरून पूर्ण सर्व्हिस ४ हजार. झाले २० हजार. यातलं जे अलीकडे बदललेलं असेल आणि बिल असेल ते वजा करा. उरेल तेवढं मागणीतून कमी मागा, आणि प्रत्येक पार्ट दाखवून मागा. नुसतं "कमी करा" म्हटलं की पाच हजारांवर गोष्ट थांबते. झिजलेले दात दाखवले की मालकाला बोलायला जागा राहत नाही.

क्लच प्लेटचं चाचणीत कळेल. चौथ्या गिअरला ताशी ४० वर असताना थ्रॉटल पूर्ण उघडा. आरपीएम उडी मारून वर गेले आणि वेग मागे राहिला तर प्लेट घसरतेय.

मालेगावकर
चाचणी गल्लीत घेऊ नका. पाथर्डी फाट्याहून विल्होळी, वाडीवऱ्हेपर्यंत महामार्ग, किंवा चढ हवा असेल तर पेठ रस्त्याने सावळघाट. ८० ला हँडलवरची पकड सैल करा, सोडू नका. गाडी एका बाजूला ओढत असेल तर चाकांची रेघ चुकलेली किंवा फोर्क वाकलेला. दुसऱ्या गिअरला वेग घेऊन थ्रॉटल बंद करा, गिअर सुटून न्यूट्रलला आला तर गिअरबॉक्स उघडावा लागेल. पुढचा ब्रेक हळूहळू दाबताना लिव्हर बोटांना ठोके देत असेल तर डिस्क वाकडी.

एबीएसचा दिवा इग्निशन दिल्यावर लागलाच पाहिजे आणि गाडी चालायला लागल्यावर विझलाच पाहिजे. सुरुवातीला लागतच नसेल तर कोणीतरी तो मुद्दाम गप्प केलाय. इंजिनच्या दिव्याचंही तेच, फक्त तो इंजिन चालू होताच विझायला हवा.

वैतरणा
पडलेली गाडी ओळखायला क्रॅश गार्ड बघू नका, तो नवा टाकतात. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून खाली स्टिअरिंगचा स्टॉपर बघा. तो चेपलेला किंवा तुटलेला असेल आणि टाकीला हँडलच्या उंचीवर आतून बाक आला असेल तर गाडी जोरात आपटलीय. तिथेच फ्रेमच्या डोक्याजवळ रंग तडकलाय का बघा.

पेट्रोलबद्दलही सांगते. आता पंपावर सगळीकडे ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आहे, आणि एप्रिल २०२३ आधीच्या गाड्यांचे रबरी भाग त्यासाठी बनलेले नव्हते. तुमच्या तिन्ही त्यातल्या. इंधनाचे पाइप फुगलेत का, पंपाच्या सीलजवळ ओल आहे का बघा. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर उभ्या राहिलेल्या गाडीत टॉर्च मारून आत गंज बघायलाच हवा.

पेठरोड
दिल्ली किंवा हिमाचलची स्वस्त हिमालयन दाखवणारे डीलर द्वारका-मुंबई नाका परिसरात भेटतील. परराज्यातल्या गाडीला तिथल्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी, चोरीची नाही याचा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा दाखला, इथला एकरकमी कर आणि नवा नंबर, एवढं करावं लागतं. मूळ राज्यात भरलेल्या कराचा परतावा पहिला मालक तिकडून मिळवून देईल अशी आशा धरू नका. त्यातच भाड्याने फिरवलेल्या गाड्याही मिसळलेल्या असतात, मूळ पाटी काळी आणि अक्षरं पिवळी. आरसीवरच्या वाहन प्रकारात ते सापडतं. डीलरकडे एप्रिल २०२३ पासून लागू झालेला अधिकृततेचा दाखला, फॉर्म २९ब, आहे का विचारा. त्याच्याकडे तो नसेल तर मूळ मालकाशी थेट बोलणं करून द्यायला सांगा.

मखमलाबादकर
डॉमिनार बाद. ३९० उंची आणि खर्च दोन्हींमुळे सोडतोय. त्रिशंकू, नवी ३५० चा हिशोब मांडला. बायकोसह घाटाचा मुद्दा पटला म्हणून आधी हिमालयन बघतो, ती खराब निघाली तर नवी ३५०. रविवारी सकाळी ७ ला जायचं ठरलंय, मालकाला चालू करू नका म्हणून सांगितलंय. सोबत काय काय घेऊ?

सातपूर_फिटर
टॉर्च, मल्टिमीटर, व्हर्नियर, टायरची हवा मोजायचा गेज, जुना फडका, आणि सीटखालचे बोल्ट उघडायला ८-१०-१२ चे पाने. जाड ग्लोव्ह्ज पण, गरम सायलेन्सरजवळ हात घालावा लागेल. तेलाची लेव्हल तिला मेन स्टँडवर सरळ उभी करून बघा, साइड स्टँडवर विंडो खोटं दाखवते.

पेठरोड
आवडली तर टोकन पाच हजारांच्या वर नको, आणि यूपीआयच्या नोंदीत गाडी नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच आकडे लिहा. घरी नेण्याआधी डिलिव्हरी नोटवर तारखेसोबत वेळही लिहून दोघांच्या सह्या, कारण त्या मिनिटाआधीचं चलन त्यांचं आणि नंतरचं तुमचं. आणि चाचणीला जाण्याआधी इन्शुरन्स आणि पीयूसीची तारीख तपासा. संपलेली असेल तर पाथर्डी फाट्यावर पोलिसांना समजावत बसाल, विल्होळी बाजूलाच राहील.

त्रिशंकू
दुसरी चावीही मागून घ्या.